गाळलेल्या एकतीस तारखा

सोमवार, ३ एप्रिल १९७८

मिलच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळतात तिथं, आज माझी चांगलीच शोभा झाली. शिपाई रजेवर, म्हणून बदली कामगारांची यादी भिंतीला लावायला मीच गेले. गेल्या वर्षी ज्याचे दोनशे चाळीस दिवस भरले तो पर्मनंट. ज्याचे भरले नाहीत तो पुन्हा वर्षभर रोज गेटवर येऊन उभा राहणार, आणि कोणी गैरहजर असेल तरच आत जाणार. यादी आमच्या कॉम्प्युटरनं काढलेली. कार्डांना भोकं पाडण्यापासून सुरुवात करून मी आता त्याच खोलीत प्रोग्रामरच्या हाताखाली बसते, त्यामुळे खात्यातल्या बायकांच्या दृष्टीनं मशीन म्हणजे मी.

चंद्रव्वा अकरा वर्षं बदलीत आहे. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "माझे किती निघाले ते सांग."

"दोनशे छत्तीस."

"दोनशे एकेचाळीस हायत."

"मशीननं मोजलंय, चंद्रव्वा. मशीन चुकत नाही."

"मग माझी भिंत चुकती व्हय?"

रोज कामावरून गेल्यावर ती दाराआडच्या भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढते म्हणे. सगळं खातं हसलं. मीही हसले. ती हसली नाही. "हसा की. पण त्या मशीनला इचार, माझे पाच दिवस कुटं घातलंस म्हणून."

घरी आल्यापासून डोक्यात तेच. मी हसायला नको होतं.

मंगळवार, ४ एप्रिल

जेवणाच्या सुट्टीत हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसात बसून गेटचं रजिस्टर काढलं. चंद्रव्वाचे दिवस तीनदा मोजले. दोनशे एकेचाळीस.

मग महिन्यामहिन्यानं बघितलं. जुलैचे रजिस्टरात सव्वीस, मशीनचे पंचवीस. ऑगस्टचे सत्तावीस, मशीनचे सव्वीस. सप्टेंबर दोन्हीकडे सारखा. तेव्हा कळलं. आमचं मशीन प्रत्येक महिना तीस दिवसांचा धरतं. एकतीस तारखेला माणूस राबला, घामाघूम झाला, घरी गेला, आणि मशीनच्या लेखी तो दिवस उगवलाच नाही!

दोष मशीनचा नाही. मुंबईच्या हेड ऑफिसनं चाळीस छोट्या रुटीनांची एक लायब्ररी करून दिली आहे. तारखा मोजणं, नावं अकारविल्हे लावणं, असली कामं. ती एका टेपवर असते आणि आमचा प्रत्येक प्रोग्राम चालताना हवी ती रुटीन तिथून उचलतो. दिवस मोजणारी रुटीन कोणीतरी व्याजाच्या कामासाठी लिहिली असणार. तिथं तीस दिवसांचा महिना चालतो. इथं त्यानं माणसं गेटबाहेर राहतात.

बदलीतल्याच मैनुद्दीनचे चार गेलेत. काशम्माचे तीन. आणखी किती असतील?

गुरुवार, ६ एप्रिल

शिवयोगी साहेबांना सगळं दाखवलं. ते आमच्या विभागाचे प्रमुख, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. कागद बराच वेळ बघत बसले, कोटाचं बटण लावलं, काढलं, आणि मला घेऊन मॅनेजर साहेबांकडे गेले. मॅनेजरनी मुंबईला ट्रंक कॉल लावला. उत्तर असं: लायब्ररी कंपाइल करण्याची सोय फक्त मुंबईला आहे, पुढल्या वर्षी नवी आवृत्ती निघेल तेव्हा विचार करू, तोवर कोणी हात लावू नये.

"ऐकलंत ना?" मॅनेजर मला म्हणाले. "यादी मेअखेर लेबर ऑफिसला जाते. आहे तशी जाईल."

"पण ती चुकीची आहे."

"मुंबई म्हणते आहे ती बरोबर आहे."

शिवयोगी साहेबांनी मान डोलावली. आयुष्यभर मान डोलावून डोलावून ती आता आपोआप हलत असावी.

सोय फक्त मुंबईला आहे म्हणे. मग इथं करू.

मंगळवार, ११ एप्रिल

कंपाइल म्हणजे काही जादू नाही. माणसाला कळतील अशा ओळी एकेका कार्डावर असतात, कंपायलर नावाचा प्रोग्राम त्या वाचतो आणि मशीनला कळणारी कार्डं काढून देतो. लागतं काय? मूळ ओळींची कार्डं, कंपायलरची टेप आणि ते चालवण्याची मांडणी.

मूळ कार्डं आपल्याकडे नाहीत असं मला नेहमी सांगितलं गेलं. आज साहेब चहाला गेले आणि लोखंडी कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर विसरले. उघडलं. खालच्या कप्प्यात दोन लाकडी पेट्या, सहाशे बारा कार्डं, धुळीनं माखलेली. मशीनबरोबर आलेली, कोणी उघडलीच नव्हती. शेजारी कंपायलरची टेप, सीलसकट.

किल्ली परत देताना मला लाज वाटली. साहेब म्हणाले, "अरे, इथं राहिली होय?" विसरभोळेपणा वाढत चाललाय त्यांचा.

शनिवार, १५ एप्रिल

मशीन चालवणारा मकदूम तयार आहे. सोपं नव्हतं. त्याला नोकरी प्यारी आहे आणि घरात सात माणसं. मी म्हटलं, मैनुद्दीनचे चार दिवस गेलेत. मैनुद्दीन त्याचा मावसभाऊ.

"पहिले बोलना की बाई," म्हणाला.

शुक्रवारी मिल बंद असते. शिवयोगी साहेबांनी आपणहून दर शुक्रवारी पहाटे साडेपाच ते आठ मशीनच्या देखभालीची वेळ लावली आहे. मकदूम आणि "पुसायला एक मदतनीस". मदतनीस कोण ते लिहायचं राहिलंय. मी माझं नाव लिहून टाकलं. त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

शुक्रवार, २१ एप्रिल

अपयश.

पहाटे भवानी पेठेतून चालत गेले. घरी आप्पांना सांगितलं होतं की जादा काम आहे. सुट्टीला एअर कंडिशनर बंद, म्हणून मकदूमनं दारांना वाळ्याचे पडदे बांधून पाणी मारलं. खोली गार झाली आणि कार्डं दमट झाली. वाचणाऱ्या यंत्रात पहिल्या चाळीसातच अडकली, तीन फाटली. ती पुन्हा पंच करण्यात तास गेला. मग कंपायलर लावला तर सुरूच होईना. लाल दिवा लागला तो लागलाच.

मकदूम म्हणाला, "मशीनकू नै करना तो नै करना."

मला करायचंय.

रविवार, २३ एप्रिल

मॅन्युअल घरी आणलंय. लाल दिव्याचं कारण सापडलं. कंपायलरच्या आधी सूचनांची कार्डं द्यावी लागतात: मशीनची मेमरी किती, टेप किती. आमच्या पेटीतली कार्डं मुंबईच्या मशीनची आहेत. तिथली मेमरी आमच्या दुप्पट. आम्ही मशीनला सांगत होतो की तुझं पोट दुप्पट आहे, आणि ते बिचारं जागच्या जागी थांबत होतं.

दुसरी अडचण मोठी आहे. कंपायलरला चार टेप ड्राइव्ह, म्हणजे टेप फिरवणारी यंत्रं, लागतात. आमच्याकडे तीन. चौथा येणार नाही.

शुक्रवार, २८ एप्रिल

चौथा लागत नाही! मॅन्युअलच्या मागच्या भागात, बारीक अक्षरात: निकाल टेपवर न घेता थेट कार्डांवर पंच करून घेता येतो. मग ती कार्डं वेगळ्या प्रोग्रामनं टेपवर चढवायची. दुप्पट वेळ, पण तीन ड्राइव्हमध्ये भागतं. मुंबईतल्या कोणाला हे माहीत नसणार, त्यांच्याकडे सहा आहेत.

आज पडदे नव्हते. पहाटेचीच हवा पुरली. लायब्ररीतल्या एकोणचाळीस रुटीना सरळ कंपाइल झाल्या. चाळिसावी अडली. नेमकी तीच, दिवस मोजणारी. तिचं एक कार्ड गहाळ आहे. अनुक्रमांक दहादहानं वाढतात; पाहिले, तर ३३० नंतर एकदम ३५०.

मंगळवार, २ मे

गहाळ कार्डावर काय असेल ते मागच्यापुढच्या ओळींवरून ताडते आहे. तीन तऱ्हा सुचल्या. तिन्ही बरोबर वाटतात. त्यातली एकच मूळची.

शुक्रवार, ५ मे

आधी काहीही न बदलता, आहे तसंच कंपाइल करायचं, असं मी ठरवलंय. मकदूमला हे वेडेपण वाटलं. "चूक माहीत है ना? तो सुधार डालो." पण न बदलता काढलेली कार्डं जुन्या टेपवरल्यासारखीच हुबेहूब निघाली, तरच आमची मांडणी खरी. नाहीतर उद्या मॅनेजर विचारतील, दिवस वाढले ते सुधारणेनं की तुमच्या गोंधळानं? मला उत्तर देता आलं पाहिजे.

जुन्या टेपवरची रुटीनही कार्डांवर काढून घेतली. नवं कार्ड जुन्यावर ठेवायचं आणि खिडकीशी धरायचं. भोकावर भोक आलं तर उजेड आरपार येतो. पहिली तऱ्हा लावली: अकराव्या कार्डावर अंधार. दुसरी लावली: अकरावं जमलं, सोळावं चुकलं. तिसरी लावेतो आठ वाजले.

मकदूमनं मला साडेआठपर्यंत थांबवलं, म्हणाला, "जुम्मे को अभी टाइम है. लगाओ."

तिसरी. सव्वीसच्या सव्वीस कार्डांतून ऊन आलं.

मी रडले असं लिहिणार नाही. मकदूम मात्र उगाचच मशीन पुसत उभा होता.

सोमवार, ८ मे

राहिलेल्या एकोणचाळीस रुटीना जेवणाच्या सुट्टीत ताडून पाहायला घेतल्या. शिवयोगी साहेब अचानक आत आले. मी दोन कार्डं खिडकीला लावून उभी! म्हणाले, "डोळे जपा, उन्हाकडे बघू नये." आणि गेले. इतक्या जवळून पाहिलं, तरी समोर काय चाललंय ते कळत नाही त्यांना.

शुक्रवार, १२ मे

बदल केला. बारा महिन्यांचे दिवस एका तक्त्यात घातले आणि रुटीनला त्या तक्त्याकडे बघायला लावलं. एकंदर नऊ कार्डं. कंपाइल झालं, नव्या टेपवर चढलं. चंद्रव्वाची नोंद चालवली.

२४१.

मकदूमला छापील कागद दाखवला. तो म्हणाला, "भिंत जीत गई." मग अख्खी यादी चालवली. चौतीस माणसं नव्यानं दोनशे चाळीसच्या वर गेली.

आणि एक खाली आला. सिद्धाप्पा, कापूस मोकळा करतात त्या ब्लो रूममधला. त्याचे आधी बरोबर दोनशे चाळीस होते. आता दोनशे एकोणचाळीस.

चूक माझी नाही. जुनी रुटीन फेब्रुवारीही तीस दिवसांचा धरत होती. त्या महिनाअखेर जे कामावर होते त्यांना दोन दिवस फुकट मिळत होते. सिद्धाप्पाला ते मिळाले होते; ते दोन गेले, गाळलेली एक एकतीस तारीख परत आली, म्हणून एक कमी.

मकदूम म्हणाला, "फेब्रुवारी ऱ्हाने दे की. किसका क्या बिघडता?"



मंगळवार, १६ मे

चार दिवस हेच डोक्यात. तक्त्यात फेब्रुवारीपुढे अठ्ठावीसऐवजी तीस लिहिलं की झालं. एका कार्डाचं काम.

पण मग माझी रुटीनही खोटीच. मॅनेजर नेमकं तेच कार्ड उचलतील आणि चौतीसच्या चौतीस नावं त्याच्यासकट फेकतील. म्हणून मी अठ्ठावीसच ठेवले. हे खरेपणानं केलं की मॅनेजरच्या भीतीनं, हे मला सांगता येत नाही. दोन्ही असावं.

बुधवार, १७ मे

सिद्धाप्पाला मीच सांगायचं असं ठरवून पाळी सुटताना गेले. पन्नाशीचा माणूस, भुवयांवर कापूस. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"यादीत नाव हाय म्हणून लेकीच्या सासरी सांगून बसलोय मी."

"एक दिवस कमी आहे हो."

"चंद्रव्वाचे पाच शोधलीस न्हवं? माझा एक शोध की."

शनिवार, २० मे

दोन दिवस टाइम ऑफिसात. सिद्धाप्पाची प्रत्येक सही पाहिली. पानं चिकटली असतील म्हणून नखानं सोडवून पाहिली. नाही सापडला.

सांगितलं. तो भुवयांवरचा कापूस पुसत निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चंद्रव्वालाही सांगितलं. वाटलं होतं आनंद होईल. म्हणाली, "मी तर पयल्याच दिवशी सांगत हुते." आणि बाचका उचलून चालू लागली. कोपऱ्यावरनं मात्र परत आली. "नीलव्वा, त्या सिद्धाप्पाचं काय?" मी मान हलवली. ती म्हणाली, "वाईट झालं." मग म्हणाली, "पण तू खोटं मोजू नगंस."

सोमवार, २२ मे

नवी यादी मीच मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. खाली लिहिलं: लायब्ररी सोलापुरात कंपाइल केली. करणार: नीलम्मा. नाव फक्त माझं, मकदूमचं लिहिलं नाही. तो दारातून म्हणाला, "मैं बी था साब." मूर्ख.

मॅनेजर बराच वेळ बोलले. परवानगी कोणाची, अधिकार काय, मशीन कोणाचं. मी म्हटलं, परवानगी कोणाचीच नाही, पण यादी खरी आहे, रजिस्टर मागवा.

"जुनी टेप चढवा," ते शिवयोगी साहेबांना म्हणाले. "आत्ता. लेबर ऑफिसच्या प्रती जुन्या यादीच्याच काढा."

साहेबांनी कोटाचं बटण लावलं. "ती टेप पुसली गेली, साहेब. शनिवारी मी दुसऱ्या कामाला घेतली. माझ्याकडून चूक झाली."

मला इतका राग आला! टेपच्या मागे एक प्लॅस्टिकची रिंग असते. ती काढली की टेपवर काही लिहिता येत नाही, पुसता येत नाही. जुन्या टेपची रिंग मी स्वतः काढून कपाटात ठेवली होती, तुलनेला ती कायम राहावी म्हणून. म्हणजे साहेबांनी रिंग शोधून, पुन्हा बसवून, मग टेप पुसली. बत्तीस वर्षांची नोकरी आणि एवढं भान नाही!

मुंबईहून दुसरी टेप यायला महिना लागेल, यादी आठ दिवसांत द्यायची. मॅनेजर म्हणाले, मग हातानं मोजा. मी म्हटलं, मोजा. हातानं मोजलं तर काय निघणार ते त्यांनाही ठाऊक होतं.

बाहेर आल्यावर मकदूमला रिंगेचं सांगितलं. तो हसत सुटला. "बाई, इतना पढ़ के बी आप ना…" पुढं काही सांगेना.

मंगळवार, ३० मे

टाइम ऑफिसनं हातानं मोजलं. चौतीस वर, सिद्धाप्पा खाली. यादी सही होऊन गेली.

गुरुवार, १ जून

दोन पत्रं आली. मला: उद्यापासून टाइम ऑफिस, गेटवरची खिडकी. कॉम्प्युटरच्या खोलीत प्रवेश नाही. शिवयोगी साहेबांना: निष्काळजीपणाबद्दल ठपका, आणि दोन वर्षं आधीच निवृत्ती, जूनअखेर.

निरोप घ्यायला गेले तर साहेब टेबल आवरत होते. टेप पुसल्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही, तरी वाईट वाटलं. त्यांनी विचारलं, "कंपाइल कसं केलंत ते कुठं लिहून ठेवलंय का?"

"डोक्यात आहे."

"डोकं गेटवर चाललंय," ते म्हणाले. "कागदावर उतरवा."

बुधवार, ७ जून

चौदा पानं झाली. कुठलं कार्ड आधी, मेमरी किती लिहायची, तीन ड्राइव्हमध्ये कसं बसवायचं, पडदे का बांधू नयेत. मराठीत लिहिलं, म्हणजे मुंबईचं मॅन्युअल न वाचताही जमेल. मकदूम जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी येतो. मी एक पान वाचते, तो मला परत म्हणून दाखवतो. त्याला मराठी वाचता येतं, पण म्हणतो, "तुमचे अक्षर नै समजते." माझं अक्षर चांगलं आहे.

सोमवार, ३ जुलै

मुंबईची टेप आली. त्यात महिना पुन्हा तीस दिवसांचा. मॅनेजरच्या हुकमानं चढवली गेली. मकदूम खिडकीशी येऊन म्हणाला, "चढ़ गई बाई."

मी विचारलं, "शुक्रवारची देखभालीची वेळ अजून आहे?"

"हौ. शिवयोगी साब जाते जाते सालभर की लिख के गये."

"पेट्या?"

"कपाट में."

"मग?"

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "अकेला मैं? गलत हुआ तो?"

"तर पुढल्या शुक्रवारी पुन्हा."

शनिवार, ८ जुलै

काल पहाटे मी गेटबाहेर रस्त्यावर उभी होते. आत जायची मनाई आहे, रस्त्यावर नाही. आठला मकदूम बाहेर आला. हाताला शाई, बगलेत छापील कागदांची घडी. पहिल्या खेपेला मेमरीचं कार्ड उलटं घातलं, दुसऱ्या खेपेला जमलं. सव्वीस कार्डं त्यानं स्वतः खिडकीशी धरून पाहिली. घडीत सगळ्या बदली कामगारांचे जानेवारीपासून जूनअखेरपर्यंतचे दिवस होते. वर्षअखेरची वाट कशाला बघायची? ही कल्पना त्याचीच.

आज सकाळी पहिल्या पाळीच्या आधी मी ते कागद खळ लावून गेटबाहेरच्या भिंतीला चिकटवले. वॉचमन धावत आला. मी म्हटलं, ही भिंत मिलची नाही, महापालिकेची आहे, त्यांना बोलवा. तो कागदांवर वाकून म्हणाला, "माझ्या मेव्हण्याचं बघा की त्यात." बघितलं. त्र्याण्णव.

पर्मनंट माणसं आत गेली. चंद्रव्वाही गेली, भिंतीकडे न बघता, पदर खोचून. बदलीवाले उरले आणि कागदांभोवती गोळा झाले. ज्याला वाचता येतं तो इतरांचे वाचून दाखवत होता. सिद्धाप्पा मागे उभा होता. महिना झाला, माझ्या खिडकीसमोरून जाताना तो मान वळवतो. गर्दी हटल्यावर पुढे आला. आपलं नाव शोधलं, बोट आडवं नेलं, आकड्यावर थांबला. मग खिशातून लेकीच्या जुन्या वहीचं, रोजच्या रेघांनी भरलेलं एक पान काढलं, घड्या उलगडल्या आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले.

मी खिडकीतून बघत होते. 

पान घडी करून त्यानं खिशात ठेवलं. ब्लो रूमची चिठ्ठी तेवढ्यात माझ्याकडे आली होती, तीन माणसं कमी. मी त्याचा पास लिहून खिडकीतून पुढे केला. त्यानं घेतला. महिन्यात पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर हाय," म्हणाला, आणि आत गेला.